गर्दी नसलेलं गाव

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. स्लोव्हेनियात आहे, डोंगरात आहे, एवढं पुरे. नाव सांगितल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या पापात माझाही वाटा आहे, तेव्हा या वेळी तरी तोंड बंद ठेवते.

सांगायचंय ते परीक्षित आगटेबद्दल. रीडिंगमध्ये आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. मूळचा पुण्याचा, कोथरूडचा. वय अठ्ठेचाळीस, एम-फोर हायवेच्या कडेला एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. बायको आसावरी फार्मसीत आहे आणि मोजकं बोलते, कारण घरातलं उरलेलं सगळं बोलणं परीक्षित बोलून टाकतो. मुलगी ईरा, सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आणि मी स्वाती. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये लोकांना भूल देत आले. माझ्यासमोर माणसं दहापर्यंत मोजायच्या आत गप्प होतात, त्यामुळे बडबड्या माणसांची मला सवय नाही. परीक्षितची करून घ्यावी लागली.

या माणसाला सगळं माहीत असतं. बॉयलर कुठला घ्यावा, ब्रॉडबँड कुणाचं, मुलांना कुठल्या ग्रामर स्कूलच्या परीक्षेला बसवावं, कौन्सिलकडे हिरवा कचऱ्याचा डबा कसा मागावा, हे सगळं इथल्या मराठी मंडळातले लोक त्यालाच विचारतात. नाही विचारलं तर तो आपण होऊन सांगतो. मी एकदा त्याच्यासमोर चुकून म्हटलं की आमच्या माळ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत लॉफ्टवर, थंडी फार लागते. रात्री जेवायच्या आत मला इन्शुलेशनच्या सात प्रकारांची तुलना ईमेलवर आली. वाईट माणूस नाही हो, मुळीच नाही. फक्त त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चांगली गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. सांगून झालं की त्या गोष्टीतला त्याचा रस संपतो.

स्कीइंग हा त्याचा सगळ्यात मोठा विषय. रीडिंगच्या मराठी माणसांत बर्फाचा तज्ज्ञ म्हणजे परीक्षित. युरोपात गर्दी कुठे कमी, स्वस्त कुठे, उत्तरेकडे तोंड असलेले उतार कुठले, भुसभुशीत कोरडा बर्फ कुठे टिकतो, त्याला ते लोक पावडर म्हणतात, हे सगळं त्याला पाठ. त्याच्याकडे एक्सेलची फाईल होती. तिच्यात एकशे बारा गावं. ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर तो त्या गावांचे वेबकॅम लावून बसायचा आणि लिफ्टच्या रांगेतली डोकी मोजायचा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी एका पोलिश गावात सकाळी नऊला रांगेत चार माणसं आणि एक कुत्रा होता, हे त्याने मला वाणसामानाच्या दुकानात डाळीच्या रॅकसमोर सांगितलं. कुत्राही मोजला होता.

आणि हा गृहस्थ स्वतः आयुष्यात एकदाच, फक्त दीड दिवस, स्कीवर उभा राहिलेला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा.

त्या दीड दिवसाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. पाच वर्षांपूर्वी ऑफिसची मंडळी कुटुंबासकट फ्रान्समधल्या एका मोठ्या रिसॉर्टला गेली होती. शाळांची हाफ-टर्मची सुट्टी, म्हणजे अर्धं इंग्लंड तिथेच. दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या रांगेत उभं असताना परीक्षित मागच्या मागे घसरायला लागला. थांबायचं कसं ते माहीत नाही. रांगेत मागे त्याचा मॅनेजर, मॅनेजरची बायको आणि स्की-शाळेची पाच-सहा वर्षांची नऊ चिमुरडी पोरं. सगळी आडवी. कुणाला लागलं नाही, पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो ख्रिसमस पार्टीत मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. परीक्षितही हसला म्हणे. घरी येऊन आसावरीला म्हणाला, यापुढे माणसांदेखत मी त्या पट्ट्या पायाला लावणार नाही. कानाला खडा.

ईरा तेव्हा बारा वर्षांची होती. ती हसली नव्हती. तिने बापाला हात देऊन उठवलं आणि खोलीवर नेलं. वाटेत तिने सांगितलं की आपण जिथे कुणीच नसेल अशा ठिकाणी जाऊ, मी शिकेन आणि मग तुम्हाला शिकवेन. तो हो म्हणाला. तिनेच मला हे सांगितलंय, आणि त्याच्या त्या हो-वर तिने पाच वर्षं काढली.

पोरीने आपला शब्द पाळला. आमच्याकडे डोंगर नाहीत. एक टेकाड आहे, त्यावर ब्रशसारखी खरखरीत चटई घातलेली, तिच्यावरून घसरायचं. पडलं की गुडघ्यांची सालटी निघतात. दर शनिवारी ही पावसात तिथे. शाळेच्या सहलींबरोबर दोनदा खऱ्या बर्फावर जाऊन आली. सोळाव्या वर्षी त्या टेकाडावरच लहान मुलांना शिकवायची नोकरी धरली. आणि बाप? बाप गाव शोधत होता. दोन वर्षं कोविड खाऊन गेला, तो त्याचा दोष नाही. तिसऱ्या वर्षी सापडलेलं गाव महाग निघालं. चौथ्या वर्षीच्या गावात बर्फच पडला नाही, तर त्याने ती गोष्ट स्वतःच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून महिनाभर सांगितली: बघा, मी बुकिंग केलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या शरदात ईराने विषय संपवला. तिचं ए-लेव्हलचं, म्हणजे आपल्या बारावीसारखं, शेवटचं वर्ष. सप्टेंबरमध्ये ती युनिव्हर्सिटीला जाणार, स्कॉटलंडला, लांब. म्हणजे ही फेब्रुवारीची सुट्टी शेवटची. अठराव्या वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर ती म्हणाली, मला काही नको, बाबा आणि मी, एक आठवडा, कुणी नसेल तिथे. आसावरीला तिने आधीच विचारलं होतं. आसावरी म्हणाली, थंडी खायला मला परदेशी जायची गरज नाही, रीडिंगमध्ये फुकट मिळते, तुम्ही दोघं जा.

आणि परीक्षितला गाव सापडलं, खरोखर सापडलं. इथे त्याला मानायला हवं. एक लांब लिफ्ट, नवशिक्यांसाठी एक दोरी, जी धरली की वर ओढून नेते, दोन गेस्ट हाऊस, एक खानावळ, एक बेकरी. बर्फ कंबरभर. आदल्या हिवाळ्याचं तीन आठवड्यांचं वेबकॅमचं रेकॉर्डिंग त्याने पाहिलं आणि रांगेत जास्तीत जास्त दोन माणसं दिसली, त्यांतला एक लिफ्टवालाच. ऑक्टोबरमध्ये त्याने दोघांचं बुकिंग केलं. ईराने ते पान छापून फ्रिजवर लावलं.

आता एवढं झाल्यावर माणसाने काय करावं? गप्प बसावं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, जेमतेम साडेतीन महिने. गरोदर बाया याहून जास्त दिवस गोष्ट पोटात ठेवतात.

दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरताना मंडळाचे सेक्रेटरी शशिधर कुलकर्णी सहज म्हणाले, काय रे, हाफ-टर्मला कुठे? परीक्षित पाच खुर्च्या होईपर्यंत गप्प राहिला. सहाव्या खुर्चीला त्याने शशिधररावांना पडद्यामागे नेलं आणि म्हणाला, फक्त तुम्हाला सांगतोय. मग जे जे विचारतील त्यांना तो फक्त त्यांनाच सांगू लागला. बरं, न सांगावं तर आपली माणसं कशी, ते तुम्हाला ठाऊक आहेच. जाऊन आल्यावर फोटो टाकला की पहिला प्रश्न, सांगितलं पण नाहीस? जसं काही आपण चोरी करायला गेलो होतो. परीक्षितला हा प्रश्न फार लागतो. आपण एखादी चांगली जागा एकट्याने उपभोगली असं कुणी म्हणावं, यापेक्षा त्याला ती जागा गमावलेली परवडते.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका बाहेर, पुरुष स्वयंपाकघरात भेळ खात उभे. परीक्षित मला वॉशिंग मशीनपाशी गाठून म्हणाला, स्वातीताई, एक गाव आहे, फक्त तुम्हाला सांगतोय. मी मोठ्या तोऱ्याने ऐकून घेतलं. आपल्यावर एवढा विश्वास म्हणून मला बरंही वाटलं. पाहुणे गेल्यावर तासाभरात मी लेस्टरला नणंदेला, सुप्रभाला, फोन केला आणि सांगितलं. फक्त तिलाच. तिने तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दोन कुटुंबांना सांगितलं, फक्त त्यांनाच. त्यामुळे मी परीक्षितला नावं ठेवते तेव्हा माझा नवरा राजीव वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो.

जानेवारी संपता संपता आकडा त्रेचाळीस झाला होता. शशिधररावांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, भगव्या टोप्या मागवल्या आणि 'मंडळाची हिवाळी सहल' असा फलक छापून घेतला. परीक्षितला ग्रुपचा ॲडमिन केलं. तो इतका खूश होता की बघवत नव्हतं. कुणाला किती लेयर घालायचे, मोजे लोकरीचे की सिंथेटिक, प्रेशर कुकर चेक-इन बॅगेत चालतो का, दिवसभर उत्तरं.

ईरा माझ्याकडे आली. दारातच उभी राहून तिने विचारलं, मावशी, टोटल किती लोक येतायत? मी म्हटलं, त्रेचाळीस. तिने मान हलवली, ओके म्हणाली आणि गेली. मी राजीवला म्हटलं, आपण रद्द करू या का? राजीव म्हणाला, रिफंड मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला जायचं होतं. अठ्ठावन्न वर्षांत मी कधी बर्फात खेळले नव्हते.

बापाने ईराची समजूत काढली म्हणे की डोंगर मोठा आहे, त्रेचाळीस माणसं त्यात कुठच्या कुठे हरवतील.

डोंगर मोठा होता. दोरी एकच होती. आणि आम्ही त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नवशिके.

पहिल्या सकाळी त्या गावाने इतिहासातली पहिली रांग पाहिली. बेकरीवाली बाई दुकान सोडून बघायला आली. दोन म्हाताऱ्यांनी फोटो काढले. स्की भाड्याने देणारं दुकान म्हणजे एका माणसाचं गॅरेज होतं, त्याच्याकडचे बूट साडेनऊला संपले. मग त्याने शेजारपाजारच्या घरांतून बूट गोळा करून आणले. राजीवच्या बुटात आत कुणाचंतरी नाव आणि १९९४ असं लिहिलेलं होतं. लिफ्टवाला यानेझ सहा फुटी गडी, वर्षानुवर्षं दोन गिऱ्हाइकांची सवय असलेला. त्याने आमच्याकडे असं पाहिलं की मला ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा आलेले विद्यार्थी आठवले. गेस्ट हाऊसची मालकीण मिलेना तेवढी खूश होती, पण दुसऱ्या दिवशी फोडणीचा खाट वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि आगीचा भोंगा वाजला, तेव्हा तीही थोडी विचारात पडली.

आणि परीक्षित? तो अहोरात्र राबत होता. कुणाचा बूट चावतोय, कुणाला शाकाहारी सूप हवंय, कुणाचा पास मशीन घेत नाही. भगवी टोपी घालून तो खालच्या बाकापाशी उभा, सगळ्यांचे बक्कल लावून देतोय. सगळ्यांना तोंडी शिकवतोय. गुडघे वाकवा, वजन पुढे, पाय आत, नजर लांब. त्याचे स्वतःचे बूट खोलीत, खोक्यात. ईराने ते रीडिंगहून त्याच्यासाठी आणले होते, तिच्या शनिवारच्या पगारातून, नवेकोरे, तो झोपलेला असताना त्याच्या पायाचं माप घेऊन.

रोज सकाळी ती त्याला विचारायची, बाबा, आज? रोज तो आजूबाजूला पाहून म्हणायचा, आज फार गर्दी आहे गं. ही गर्दी कुठून आली याचा त्याला जणू पत्ताच नव्हता.

पोरीने काय करावं? दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच वरून सरसरत खाली आली तर तिला मी दिसले, बर्फात उताणी, उलट्या झुरळासारखी. तिने मला उठवलं. मग दोन्ही हात धरून स्वतः उलटी घसरत मला खाली आणलं. मला पुढची टोकं जवळ आणून थांबायला शिकवलं, त्याला ते पिझ्झा म्हणतात. संध्याकाळपर्यंत मी तीस पावलं न पडता गेले आणि लहान पोरीसारखी ओरडले. तिसऱ्या दिवशी तिच्यापाशी अकरा बायका आणि शशिधरराव. तिने सगळ्यांना शिकवलं. रागावली नाही, वैतागली नाही. एकदा मात्र दोरीच्या रांगेत उभं असताना म्हणाली की मावशी, हे मी सगळं बाबांसाठी प्रॅक्टिस केलं होतं, कारण ते घाबरतात, म्हणून मी घाबरणाऱ्यांनाच शिकवायला शिकले. मी त्या शिकवणीचा फायदा घेत होते. परीक्षित खालून आमचा व्हिडिओ काढत होता. ग्रुपवर टाकताना त्याने लिहिलं, माय डॉटर, इन्स्ट्रक्टर. अभिमान होता त्याला, खोटं कशाला बोलू. खूप अभिमान होता.

चार दिवस बर्फ पडला नव्हता आणि आमच्या लोळण्याने दोरीखालचा उतार चिखल झाला होता. गुरुवारी दुपारी आभाळ भरलं. चहाच्या वेळेला ईरा माझ्या खोलीवर आली आणि दार लावून घेतलं. तिचा बेत ठरला होता. शुक्रवार शेवटचा दिवस. रात्रभर बर्फ पडणार. यानेझने तिच्यासाठी दोरी साडेसातला चालू करायचं कबूल केलं होतं, रोजच्यापेक्षा दोन तास आधी. उतारावर कुणीच नसेल, बापाला तिने तयार केलं होतं आणि तो हो म्हणाला होता.

"मावशी, तू सगळ्यांना ब्रेकफास्टला धरून ठेवशील? फक्त साडेनऊपर्यंत?"

मी म्हटलं, बाळा, मी तीस वर्षं माणसं जागच्या जागी धरून ठेवली आहेत, चाळीस माणसं म्हणजे काय. मनातून मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. सुप्रभाला केलेला तो फोन तेवढ्याने फिटला असता.

शुक्रवारी मी सहाला उठून मिलेनाचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पोहे. मुद्दाम पोहे, कारण पोह्यांना कुणी नाही म्हणत नाही आणि ते टप्प्याटप्प्याने करता येतात. पहिला घाणा पावणेआठला काढला. कांदा इतका बारीक चिरत बसले की राजीवने विचारलं, याची पावडर करायचीय का? खिडकीतून बाहेर पाहिलं. गुडघाभर नवा बर्फ, कुंपणाचे खांब बुडालेले, आणि पांढऱ्या उतारावर खाली दोन माणसं. एक उंच सडपातळ, एक बुटकं आणि गोल. बुटक्याच्या पायात बूट होते. मी चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. डोळे भरून आले माझे, कांद्याने नव्हे.

मग टिंग झालं.

एक नाही, सगळ्या टेबलांवरून. चाळीस फोन एकदम वाजले. शशिधररावांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. ग्रुपवर परीक्षितचा फोटो, पांढरा शुभ्र उतार, एकही रेघ न उमटलेला, कडेला ईराची सावली. खाली लिहिलेलं, "फ्रेश पावडर!! दोरी चालू आहे. अजिबात गर्दी नाही. लगेच या."

मी म्हटलं बसा, दुसरा घाणा येतोय. मी म्हटलं वर खोबरं घालायचं राहिलंय. मी म्हटलं लिंबू. कुणी ऐकेना. खुर्च्या सरकल्या, भगव्या टोप्या निघाल्या, पाच मिनिटांत खोली रिकामी झाली आणि मी पोह्यांच्या पातेल्यासमोर एकटी उभी. इतकी चिडले मी. मनात म्हटलं, या माणसाचं काय करावं? अंगात जाकीट चढवलं आणि बर्फ तुडवत सगळ्यांच्या आधी पोचायला धावले. आधी पोचले पण जेमतेम, मागून मंडळी येतच होती, फलकासकट.

परीक्षित दोरीपाशी उभा होता. पायात स्की. ईराने त्या लावून दिल्या होत्या, तिचे दोन्ही हात अजून त्याच्या हातात होते, म्हणजे त्याच्या एकाच हातात. दुसऱ्या हातात फोन. त्याने आम्हाला पाहून फोनवाला हात हलवला. चेहरा नुसता फुललेला.

ईराने मागे वळून चढणीवरून येणारी माणसं पाहिली. मग हात सोडून विचारलं, "बाबा, का पाठवलं?"

तो खरोखरच गोंधळला. विचार करूनही त्याला चूक सापडेना. म्हणाला, "अगं, एवढं सुंदर होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटणारच ना?"

"मी होते ना इथे," ईरा म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तेवढ्यात शशिधरराव पोचले आणि त्यांनी त्याच्या पाठीत थाप मारली, वा रे गड्या, मग आज उतरणार तर, थांब, व्हिडिओ काढतो. सात-आठ फोन वर झाले. परीक्षितने त्या फोनांकडे पाहिलं आणि हसला, ते त्याचं ख्रिसमस पार्टीतलं हसणं असावं. मग म्हणाला, छे छे, तुम्ही आधी, मी नुसतं दोरी चालू आहे की नाही ते बघत होतो. आणि बाकावर बसून बुटाचे बक्कल सोडायला लागला. नवे होते, घट्ट, त्याला ते सुटेनात. ईराने खाली बसून सोडून दिले. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या पायाचे चार. मग उठली, हातमोजे चढवले आणि माझ्याकडे आली.

"चल मावशी," ती म्हणाली. "गुडघे वाकव."

मी नाही म्हणायला हवं होतं. परत जाऊन पोह्यांवर झाकण ठेवायला हवं होतं. निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं की पोरी, तू तुझी वर जा, लांबच्या लिफ्टने, आम्हा सगळ्यांना सोडून. ती वाट बघत उभी होती आणि मी दोरी धरली. वर पोचल्यावर मागे पाहिलं तर बाकावर नुसत्या मोज्यांनी बसलेला परीक्षित कुणाच्यातरी बुटाचं बक्कल लावून देत होता. मी पिझ्झा करून खाली घसरले, एकदाही पडले नाही.

बर्फ मात्र खरंच फार सुंदर होता.